गाडी सुरू झाली की

वडील गेल्यानंतरच्या महिन्यांत मी त्यांच्या गाडीचा कार्बोरेटर इतक्या वेळा उघडला, की त्याचे स्क्रू मला डोळे मिटून ओळखता यायला लागले. नव्वदीची सुरुवात होती. मी बारामतीच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात कामाला होते. शनिवारी दुपारच्या एसटीनं अंथुर्ण्याला घरी यायचे आणि रविवारी सकाळी वडिलांचा जुना शर्ट साडीवर चढवून बॉनेटखाली वाकायचे.

वडील भवानीनगरला कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. तिथले एक इंजिनिअर निवृत्त होऊन गाव सोडून गेले, तेव्हा त्यांची काळी, गोलसर मडगार्डांची गाडी वडिलांनी घेतली. ती माझ्यापेक्षाही वयानं मोठी होती. वडिलांनीच मला ती चालवायला शिकवली आणि उघडायलाही. कार्बोरेटर म्हणजे इंजिनावर बसवलेलं एक लहानसं भांडं. टाकीतलं पेट्रोल त्यात येतं, बारीक छिद्रांतून हवेत मिसळतं आणि इंजिनात जातं. त्या छिद्रांना जेट म्हणतात. वडील म्हणायचे, घाई असेल त्या दिवशी जेटला हात लावू नये.

घाई मला नव्हती, आईलाही नव्हती. घाई होती मामाला. आमच्याकडे नवरा गेला की बाईचा भाऊ दुखवट्याची साडी घेऊन येतो आणि बहिणीला चार दिवस माहेरी नेतो. तिथून परत आली की ती पुन्हा कामाधामाला, चारचौघांत जायला मोकळी. मामा मोरगावहून दोनदा जीप घेऊन आला होता. दोन्ही वेळा आईनं त्याला जेवू घातलं आणि परत पाठवलं. जाईन तर ह्यांच्याच गाडीतून जाईन, गाडी सुरू झाली की येते, एवढंच ती म्हणाली. वडिलांच्या मागचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होऊन गेला, पाहुणे पांगले, आणि आई उंबऱ्याच्या आतच राहिली. दुकानाला नाही, रानात नाही, शेजारीसुद्धा नाही. दर आठवड्याला ती मला थोडी लहान झाल्यासारखी दिसायची.

म्हणून ती गाडी सुरू होणं भाग होतं.

दुखणं एकच होतं. कार्बोरेटरच्या तोंडात बाटलीतलं थोडं पेट्रोल ओतलं की इंजिन धडधडून सुरू व्हायचं आणि तेवढं जळून गेलं की बंद पडायचं. म्हणजे ठिणगी ठीक होती. टाकीतलं पेट्रोल पुढं पोचत नसावं, असं मी धरून चालले. भांडं उघडलं तर ते भरलेलं. मग जेट तुंबले असतील म्हणून ते काढून रॉकेलमध्ये धुतले, फुंकले, उजेडाकडे धरून पाहिले. स्वच्छ. पेट्रोलवर तरंगणारा पितळी गोळा कानाशी हलवून पाहिला, त्यात काही शिरलं नव्हतं. जोडातून हवा जात असेल म्हणून नवं पॅकिंग कापून बसवलं. प्रत्येक वेळी सगळं जोडायचं, बटण दाबायचं, आणि तेच. बारामतीच्या गॅरेजवाल्यानं गाडीचं वय विचारलं आणि तिला आता शांतपणे जाऊ द्या असं सांगितलं. त्याला आमच्या घरचं माहीत नव्हतं.

एका रविवारी घरातलं रॉकेल संपलं होतं. रेशनला आलं नव्हतं. जेट पेट्रोलमध्येच धुवावेत म्हणून मी नळी घालून टाकीतलं थोडं वाटीत ओढून घेतलं. त्यातलं काही ओट्याच्या फरशीवर सांडलं. मी चहा घेऊन परत आले तरी डाग तसाच ओला होता. सांडलेलं पेट्रोल बघता बघता उडून जातं. हे उडालं नव्हतं. मी वाकून वास घेतला. रॉकेल होतं. थंड इंजिनात ते पेटत नाही. इतके दिवस माझ्या हातांना, फडक्याला, शर्टाला रॉकेलचाच वास होता, त्यामुळे टाकीतला वेगळा असा कधी आलाच नव्हता.

तेवढ्यात माझे चुलते, तात्या, वैरणीचा भारा टाकून ओट्याशी आले. मी त्यांना टाकीत रॉकेल कसं आलं असेल ते विचारलं.

"मीच घातलं की," ते म्हणाले. "रानातला पंप पेट्रोलवर सुरू हुतो आन् राकेलवर दिसभर चालतो. हिला काय धाड भरली व्हती? कारखान्यातली म्हणून लाडाची व्हय?"

मग मी बारामतीला असतानाचं त्यांनी सांगितलं. वडील अंथरुणाला खिळल्यावर रोज सकाळी गाडीचा आवाज ऐकायला मागायचे. तात्या येऊन ती सुरू करायचे, थोडा वेळ चालवून बंद करायचे. पेट्रोल कमी झालं तेव्हा त्यांनी पंपासाठी आणलेलं रॉकेल वरून घातलं. पुन्हा कमी झालं, पुन्हा घातलं. एका सकाळी ती सुरू झाली नाही. त्यानंतर वडील जाईपर्यंत झालीच नाही.

हे सांगता सांगता ते थांबले. त्यांनी टाकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"म्हंजे माझ्यामुळं बंद पडली व्हय गं?"

मला खोटं बोलता आलं नाही आणि हो म्हणवलं नाही. तात्या ओट्यावर बसले. वाटण्या झाल्यापासून दोघे भाऊ कामापुरतंच बोलायचे. गाडी सुरू करायला यायची एकही सकाळ मात्र तात्यांनी चुकवली नव्हती.

आई आत ज्वारी निवडत होती. ती दाराशी आली.

"भावजी, त्यास्नी ठावं व्हतं," ती म्हणाली. "पहिल्या दिशीच धूर नाकात गेला, तवाच म्हणले, राकेल घातलंय यानं. मी म्हणलं, सांगते. तर म्हणले, नको, सांगितलंस तर वरमंल आन् यायचा बंद हुईल. गाडीच्या निमित्तानं यीतुया, येऊ दे."

तात्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

मी आईकडे पाहत होते. म्हणजे तुला सगळं माहीत होतं, असं मी म्हणाले. माझे इतके रविवार ती आतून पाहत होती. चहा आणून देत होती. लुगड्याला चिकटलेले ज्वारीचे दाणे आईनं एकेक करून काढले. मग म्हणाली, "मामाला निरोप धाड. फुडच्या आयतवारी येतो म्हणावं."

मला रागवायचं होतं. पण इतकी दमले होते, की रागही आला नाही. ती सांगत नव्हती तोवर गाडी बंद होती आणि तिला घरातच राहता येत होतं; तात्यांच्या मनावरचं ओझं उतरवायला तिनं ते निमित्त सोडलं.

टाकी रिकामी केली, धुतली, नवं पेट्रोल भरलं. पुढच्या रविवारी गाडी फारसे आढेवेढे न घेता सुरू झाली. तात्या गोठ्याशीच उभे होते. आई त्यांना म्हणाली, "तुमी फुडं बसा. तुमी बसल्याबिगर मी न्हाय निघायची." ते बसले. आई मागं, मधोमध.

भवानीनगर गेलं, बारामती गेली, उसाचं रान संपून माळ सुरू झाला. मग मागून आईच्या रडण्याचा आवाज आला. वडील गेल्यापासून मी तो ऐकला नव्हता. तात्यांनी मला गाडी बाजूला घ्यायची खूण केली. जुनं इंजिन तापल्यावर बंद केलं तर लवकर सुरू होत नाही. मी नाही म्हणून मान हलवली आणि गाडी चालवत राहिले.