आधी वासराचं

त्या बाईंचा पहिला शब्द ‘नो’. तुम्ही काहीही विचारा. तुकडा जरा लहान कापाल का? नो. इथे सावलीत बसू का? नो. आणि नो म्हणता म्हणता सुरी लहान तुकड्यावर टेकलेली असायची, नाहीतर पायानं खुर्ची पुढे सरकवलेली असायची. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. मला मात्र ती भेटायला कोलोरॅडोच्या डोंगरात जावं लागलं.

दोन हजार चार-पाच सालची गोष्ट. माझा मुलगा निखिल कॅलिफोर्नियातली, सनीव्हेलची नोकरी सोडून, बर्फावर घसरायच्या हौसेपायी, डोंगरातल्या एका एवढ्याशा गावात हॉटेलांचे कॉम्प्युटर सांभाळायला गेला होता. सून केतकीला दिवस गेले, म्हणून मी साताऱ्याहून आले. जूनमध्येसुद्धा समोरच्या डोंगरावर बर्फ. शनिवारी गावात बाजार भरायचा. कुणी रानफुलांचा मध आणायचं, कुणी घरचा पाव, आणि शेवटच्या टेबलावर या बाई, स्वतःच्या गाईंचं चीज घेऊन. सत्तरीच्या पुढच्या, डोक्यावर पुरुषी टोपी, बोटं आल्याच्या गाठींसारखी. चीजची ती मोठी गोल चकती पेरानं टकटक वाजवायच्या आणि कान लावून ऐकायच्या, आपण माठ घेताना वाजवतो ना, तसं. मीही वाजवायला गेले. “नो,” म्हणाल्या, आणि माझं बोट धरून बरोबर जागी नेलं.

माझं इंग्रजी सातवीपर्यंतचं. पण गाईबद्दल बोलायला असं किती लागतं? अडलं की निखिल होताच.

इकडे केतकीच्या पोटात काही ठरेना. चौथा महिना लागला तरी वजन खालीच चाललेलं. डॉक्टरीणबाईंनी काळजीचा सूर काढला, तशी माझी झोप उडाली. एके सकाळी ती म्हणाली, “आई, खरवस खावासा वाटतोय. गाईच्या चिकाचा, खराखुरा.”

निखिल म्हणाला, “यार केतकी, आंबा तरी माग. फ्रीमाँटच्या देशी दुकानातून कुणाला तरी आणायला सांगतो. खरवस कुठून आणू?”

मी डब्यातल्या दुधात दही घालून वाफवला. केतकीनं दोन चमचे खाल्ले, “छान आहे हं आई,” म्हणाली आणि वाटी बाजूला ठेवली. तो ‘हं’ कळतो हो आपल्याला.

शनिवारी मी बाईंना विचारलं, “एखादी गाय व्यायला झालीय का?”

“एक आहे. आठ-पंधरा दिवसांत होईल.”

“मग तिचा पहिला चीक, थोडासा, द्याल का?”

“नो.”

मी हातांकडे पाहिलं. हात जागचे हलले नाहीत. तेव्हा समजलं, हा खरा नो आहे.

“आधी वासराचं,” बाई म्हणाल्या. “उरेल तो मी फ्रीजरमध्ये ठेवते. एखाद्या वासराची आई गेली तर त्याला कोण पाजणार? आणि विकायचं तर नावच नको.”

परतताना निखिल म्हणाला, “आई, इथे आग्रह चालत नाही.”

“अरे, आग्रह कुठे केला मी? बरोबरच बोलल्या त्या. आपल्याकडेसुद्धा चीक कुणी विकत नसे. वासराचं झालं की शेजारी वाटायचा.”

पुन्हा काही मी मागितला नाही. पुढच्या शनिवारी केतकीला मोकळ्या हवेत फिरवावं म्हणून बाजारात नेलं. बाईंनी पायानं खुर्ची पुढे केली, चीजचा तुकडा दिला. केतकीनं वास घेतला आणि तोंड फिरवलं. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या पोटावर हात फिरवून दाखवला.

त्याच आठवड्यात दारात एक जुना ट्रक थांबला. बाई उतरल्या. हातात काचेची मोठी बरणी, आत हळदीच्या दुधासारखा पिवळाजर्द चीक.

“कालवड झाली,” म्हणाल्या. “पोट तट्ट होईपर्यंत प्यालीय.”

“पण उरलेला तर तुम्ही आई नसलेल्या वासराला ठेवता ना?”

“नो,” बाई म्हणाल्या, आणि ते आल्याच्या गाठीसारखं बोट केतकीच्या पोटाकडे गेलं. “हाही वासराचाच आहे.”

मी बरणी दोन्ही हातांनी घेतली.

मी गूळ किसला, जायफळ उगाळलं. त्या उंचीवर पाणी उकळतं लवकर, पण शिजत काही नाही. बाई “नो, नो, मला जायचंय” म्हणत खुर्चीत बसून राहिल्या. खरवस झाला, तेव्हा त्यांनी पेरानं त्यालाही टकटक केलं. तो नुसता थरथरला. बाई खदखदून हसल्या. केतकीनं वाटी संपवली आणि पुन्हा पुढे केली. ती पोटात ठरते की नाही, ते आम्ही दोघी म्हाताऱ्या डोळ्यांत तेल घालून बघत बसलो. ठरली! मग बाईंनी एक वडी तोंडात टाकली. “नो!” म्हणाल्या, आणि हात दुसऱ्या वडीकडे गेलेला.

बरणी मी बेसनाचे लाडू भरून परत केली. “आमच्यात भांडं रिकामं परत देत नाहीत,” म्हटलं. पुढच्या शनिवारी ती लोणी भरून आली. मग मी चिवडा भरला. पुढे जेव्हा जेव्हा मी तिथे गेले, तेव्हा ती बरणी अशीच येत-जात राहिली. नात झाली, बोलायला लागली. पहिला शब्द ‘नो’. निखिल म्हणतो, सगळीच मुलं म्हणतात. म्हणत असतील बाबा! पण पायानं खुर्ची पुढे सरकवायला ही कुठे शिकली?

आठ साली गेले तर शेवटचं टेबल रिकामं. मधवाला म्हणाला, “गुडघ्यांनी दगा दिला. गाई शेजारच्या मळ्यावर देऊन त्या लेकीकडे गेल्या, खाली उबेच्या गावात.” मग त्यानं थंड पेटीतून एक बरणी काढली. “त्यांनी तुमच्यासाठी ठेवलीय. आज तुम्ही येणार असं निखिल म्हणाला, म्हणून आणली.”

तीच बरणी. आत गोठलेला पिवळा चीक. आई नसलेल्या वासरासाठी ठेवलेला, शेवटचा.

“औषध आहे का हे?” त्यानं विचारलं.

“नो,” मी म्हटलं, आणि बरणी पोटाशी धरली.

त्या दिवशी खरवस केला. पहिली वडी नातीला. दुसरी मधवाल्याला. एक बाईंची म्हणून बशीत तशीच ठेवली होती, ती संध्याकाळी नातीनंच मटकावली.

बरणी साताऱ्याला माझ्या स्वयंपाकघरात आहे. परत कुणाला द्यायची, ठाऊक नाही. पण मी ती रिकामी ठेवत नाही. सध्या तीत लाडू आहेत.