डिंभ्याच्या काठावर लव्हाळा लावताना

"परीक्षा आटोपल्यात, आता ये. गवत लावायला माणसं कमी पडतायत," असं सुनंदा फोनवर म्हणाली तेव्हा मला वाटलं, बाई थट्टा करतेय. सुनंदा माझी कॉलेजची मैत्रीण, डिंभे धरणाजवळच्या शाळेत शिक्षिका. लोक उन्हाळ्यात महाबळेश्वरला जातात आणि मी गवत लावायला निघाले. घरचे पोट धरून हसले. हसू देत.

तुम्हाला जायचं असेल तर एवढं ऐका. पुण्यात शिवाजीनगरहून नारायणगाव किंवा जुन्नरकडे जाणारी एसटी मंचरला सोडते. पहाटेची धरा, नाहीतर चाकण-राजगुरुनगरच्या ट्रॅफिकमध्ये डोकं उठतं. मंचरला स्टँडसमोर झणझणीत मिसळ खाल्ली आणि कांदा-बटाट्याच्या ट्रकांमधून जीव मुठीत धरून रस्ता ओलांडला. डिंभ्याची गाडी कधी, असं विचारलं तर कंट्रोलर शांतपणे म्हणाले, येईल तेव्हा येईल. मग घोडेगावपर्यंत एक जीप, पुढे दुसरी. भाडं पुण्याच्या रिक्षापेक्षा स्वस्त, फक्त पाय कुठे ठेवायचे ते विचारू नका.

संध्याकाळी सुनंदाने काठावर नेलं. उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरतं, गाळाची जमीन उघडी पडते आणि लोक तिच्यात भुईमूग, काकडी करतात. पार पाण्याला टेकेपर्यंत नांगरतात, त्यामुळे काठचं गवत नाहीसं झालं. पावसाळ्यात पाणी चढलं की मासे त्याच बुडालेल्या गवतात अंडी घालायचे. गवत गेलं तशी अंडी गेली आणि जाळी रिकामी यायला लागली. म्हणून सुनंदाच्या शाळेतली मुलं ओढ्यातून लव्हाळा आणून काठावर लावत होती.

लव्हाळा! ज्याच्या घरी शेती आहे त्याला ऐकूनच घाम फुटेल. जन्मभर खुरपला तरी हा रानातून जात नाही. गावाने सुनंदाला वेड्यातच काढलं होतं. शेवटी सभेत ठरलं की एक पट्टा एका उन्हाळ्यापुरता शाळेला द्यायचा. गवत टिकलं तर बरं, नाहीतर पुन्हा नांगर. तो पट्टा मिळाला गावातल्या म्हाताऱ्या कोंडिबाआबांमुळे. पट्ट्याला लागूनच आबांचा भुईमुगाचा तुकडा. त्यांचं जुनं रान धरणात गेलं, त्यातला उन्हाळ्यात एवढाच वर येतो. सभेत ते एकच वाक्य बोलले म्हणे, पोरं काय वंगाळ करत न्हाईत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलांबरोबर काठावर गेलो तर पट्टा भुईसपाट. सगळीकडे लेंड्या, खुरांचे ठसे आणि उपटून पडलेली रोपं. सुनंदा मटकन गाळातच बसली. कुठल्या मेल्या मेंढपाळाने हे केलं म्हणून मी मनात लाखोली वाहत होते, तोवर आबाच पुढे आले.

या भागात खतासाठी मोकळ्या रानात रात्रभर मेंढ्या बसवतात आणि मेंढपाळाला त्याबद्दल धान्य देतात. मुलांची रोपं पिवळी पडलेली बघून आबांचा जीव तुटला. त्यांनी घरचं धान्य देऊन मेव्हण्याचा कळप तिथे बसवला. उभ्या पिकात कुणी मेंढ्या बसवत नाही, पण लव्हाळ्याला पीक म्हणायचं हे त्यांच्या डोक्यात यावं कसं? मेंढरं त्याला तोंड लावणार नाहीत, असं ते धरून चालले होते. कोवळा होता, लावलं.

गावातले दोघेतिघे जमले. झालं, आता नांगर घाला, असं सरळ बोलायला लागले. मला राग तर असा आला होता, पण आबांकडे बघून तो त्यांच्यावर काढवेना.

आबांनी टोपी काढून झटकली. "चूक माजी हाय, बाई. पोरांना म्हनावं, माज्या तुकड्यात लावा."

"अहो आबा, त्यात भुईमूग आहे," सुनंदा म्हणाली.

"उपटू. कवळाच हाय अजून."

"आणि लव्हाळा एकदा शिरला की निघत नाही."

"जलमभर त्योच उपटलाय. ठावं हाय मला."

नांगरवाले खाली बघायला लागले. त्यातल्या एकाने चपला काढल्या आणि तो भुईमूग उपटायला वाकला. दिवसभर आम्ही सगळे गुडघाभर गाळात. दुपारी आबांकडे बाजरीची भाकरी आणि शेंगदाण्याची आमटी होती. अशी आमटी मी पुन्हा खाल्ली नाही. त्यांच्या सुनेने मात्र नवीन लव्हाळ्याकडे एकदाही पाहिलं नाही, आणि तिचंही काही चुकलं असं मला वाटत नाही.

पुण्यात परतले तेव्हा कंबर चार दिवस धरली होती. पावसाळ्यात सुनंदाचा फोन आला. पाणी चढलं होतं आणि लव्हाळ्याच्या काड्यांवर माशांची अंडी होती. मुलं कमरेइतक्या पाण्यात उभी राहून बघत होती. मेंढ्या बसवलेल्या पट्ट्यातही लव्हाळा पुन्हा फुटला, उलट जास्तच दाट, त्यामुळे आबा गावभर खताचा गुण सांगत फिरत होते. बोलता बोलता सुनंदा रडायला लागली, मग मीही.

देणगी मीही देते, खर्च भागून वर उरेल तेवढी. आपलं रान असं कायमचं देऊन टाकणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता.

पुढच्या उन्हाळ्यात पाणी उतरलं आणि आबांचा तुकडा वर आला तो लव्हाळ्याने गच्च भरलेला. आजूबाजूला पेरण्या चालल्या होत्या. बांधावरून कुणीतरी मुद्दाम विचारलं, आबा, यंदा काय पेरलं?

आबा म्हणाले, "मासं."