नापास शर्टांचे काका

आमचे शेजारी, तपासनीसकाका, तीस वर्षं शर्टांच्या कारखान्यात परदेशी जाणारा माल तपासतात. एक टाका सुटला की शर्ट नापास. या कडकपणामुळे निर्यात वाढली, देश पुढे गेला, असं मालक छाती फुगवून सांगतात. काका मात्र आपणच नापास केलेले शर्ट स्वस्तात घेऊन घालतात. एक बाही कायम बोटभर लांब. निवृत्तीआधी यांच्या अंगावर एक तरी पास झालेला शर्ट बघायचा, एवढीच काकूंची इच्छा.

परवा कारखान्यातल्या काकांच्या सत्कारात मालकांनी तसा पास झालेला शर्ट दिलाच. काकांनी भर मंचावर चष्मा चढवून कॉलर उलटली.

"टाका सुटलाय. हा परदेशी जाणार नाही."

"अहो, तुम्हालाच घालायचाय तो!" काकू पहिल्या रांगेतून ओरडल्या.

"असं होय? मग चालेल की!" म्हणत काकांनी तो खुशीत काखोटीला मारला.