आतड्याचं गोत्र

आमचे दादामामा कुठल्याही घरी गेले की आधी संडास कुठे आहे ते विचारायचे, मग पाणी प्यायचे आणि मग ख्यालीखुशाली. तरुणपणापासून त्यांच्या मोठ्या आतड्याला सूज यायची, रक्त पडायचं. त्यांच्या वडिलांचंही तेच. ते बिचारे लाजेपोटी मूळव्याध समजून चूर्णं खात गेले आणि त्यातच संपले. तेव्हापासून मामांनी लाज सोडली. "बाकीच्यांले बापाकडून वावर भेटते, मले आतडं भेटलं," असं ते पंगतीत मोठ्याने सांगत आणि शेजारच्याचा घास हातातच राही.

मला रामटेकचं स्थळ आलं. मुलगा पाहताक्षणी आवडला. पोहे रंगात आले तेव्हा मामांनी घराण्याच्या पोटाची कथा लावलीच. आईने डोळे वटारले. तेवढ्यात मुलाच्या वडिलांनी मामांना गॅलरीत नेलं आणि कानात सांगितलं की हा त्रास त्यांनाही आहे, फक्त घरात कुणाला माहीत नाही. पाहुणे जाईपर्यंत मामा गप्प, हेच नवल. मग म्हणाले, "एका गोत्रात लगन नाही लावत, मंग एका आतड्यात काहून लावता?" आणि नकार कळवून टाकला.

मी मामांशी बोलणंच टाकलं. ते त्यांना सोसेना. शेवटी तेच मला रामदासपेठेतल्या त्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. बाई हसल्या. "वारशात आजार येत नाही, त्याच्याकडे थोडा कल येतो. तोही एका जनुकाने नाही, पुष्कळ जनुकांचा थोडाथोडा हात असतो. मुलगा-मुलगी दोघं ठणठणीत आहेत ना? मग खुशाल लग्न लावा."

"मंग आधी काहून नाही सांगितलं?" मामांनी बाईंनाच झापलं आणि तिथूनच रामटेकची बस धरून स्थळ जुळवून आले.

लग्नात नवरीच्या पाठीशी मामा. मंगलाष्टकं सुरू झाली आणि त्यांचं पोटही. बराच तग धरला, मग धूम ठोकली. मंडपात खसखस पिकली. भटजी घड्याळ दाखवू लागले. सासऱ्यांनी त्यांच्यापुढचा माईक ओढून घेतला. ज्याने बायकोलाही पत्ता लागू दिला नव्हता, तो माणूस भरमंडपात म्हणाला, "हसू नका जी. हा तरास मलेही हाय. मामा आल्याबिगर अक्षता पडणार नाही."

सासूबाई बघतच राहिल्या.

मामा रुमालाला हात पुसत आले, माझ्यामागे उभे राहिले. "पाहून काय राहिली वं? घाल माळ."

मामा आता नाहीत. पाठीशी तसं उभं राहणारं पुन्हा कुणी भेटलं नाही.