ठाण्याहून कल्याणला, डोळे दाखवायला

कल्याणच्या हकिमाकडे डोळे दाखवायला कोणी निघणार असेल, तर त्याच्या उपयोगी पडावं म्हणून हे सांगते आहे. मला अक्षर येत नाही. जावई मास्तर आहेत, ते लिहून घेतात. मधे कुठे फार शुद्ध वाटलं तर ते त्यांचं, माझं नव्हे.

आमचे घरधनी जन्मभर ठाण्याच्या खाडीवर मिठागरात राबले. उन्हाळ्यात मीठ पडलं की वाफे असे लखलखतात की बघणाऱ्याचे डोळे दिपून जातात. मिठागरावर सगळ्यांनाच संध्याकाळी अंधुक दिसतं आणि पावसाळ्यात काम थांबलं की पुन्हा लख्ख. म्हणून यांना दिसेनासं व्हायला लागलं तेव्हा कुणीच घाबरलं नाही. "पाऊस पडला की सुटेल," हे म्हणायचे. पाऊस पडला, सुटलं नाही. "पुढच्या पावसात," म्हणाले. असे तीन पाऊस गेले. चालताना चौकटीला खांदा आपटायचा, बांधावरून पाय घसरायचा. शेजारी म्हणायचे, ताडी चढली. ताडीचा थेंब न घेणाऱ्या माणसाला फुकटचं नाव मिळालं.

मग कळलं की कळव्याच्या एका म्हातारीचा मोतीबिंदू कल्याणच्या हकिमाने सुईने बाजूला सारला आणि तिला सुनेचं तोंड दिसायला लागलं. (सुनेचं म्हणणं, आधीच बरं होतं.) मी त्याच दिवशी ठरवलं, जायचं.

जाताना मिठाच्या मचव्यातून गेलो. तुम्हीही जाणार असाल तर भरती लागताच निघा. पाणीच तुम्हाला खाडीतून वर ढकलत नेतं. उशीर केलात तर मुंब्र्याच्या अलीकडे चिखलात बसून डास मोजावे लागतील. बरोबर तांदळाच्या भाकऱ्या नि सुकटीची चटणी घ्यावी, पाणी मात्र घरचंच. खाडीकडे बघून तहान भागत नाही.

"मावशे," मचवा हाकणारा तांडेल म्हणाला, "नवऱ्याला मधे बसव. कडेला बसला तर हकिमाआधी मासे बघतील त्याला."

"बघू देत," घरधनी म्हणाले. "येताना मला डोळे असतील, मग मी बघीन त्यांना."

तेव्हा मी हसले. त्या वाटेवर खूप हसलो आम्ही.

कल्याणचं बंदर गजबजलेलं. चढण चढून मुसलमान मोहल्ल्यात शिरलं की हकिमाचं घर कोणीही दाखवतं. ओटीवर आमच्याआधी आलेले बसले होते, आणि जपमाळ ओढत एक शेजारी हाजी. हकीमसाहेब पिकल्या दाढीचे, आमच्यासारखंच मराठी बोलणारे. मुलगा यूसुफ मुंबईला डाक्टरी शिकून नुकताच परत आलेला. त्या दोघांचं पटत नाही हे बसल्याबसल्याच कळलं.

"अब्बा, तुमची पुस्तकं फार जुनी झाली," मुलगा म्हणत होता.

"ती लिहिणारे पाच वेळा नमाज पढायचे आणि डोळ्यांची चिरफाडही करायचे. तू त्यातलं एकच करतोस. मग नवा कोण आणि अर्धा कोण?"

हाजी मधेच म्हणाले, "कशाला ही सुई नि आरसे? अल्लाच्या मर्जीत हात घालायचा?"

"हाजी, डोळा त्यानेच घडवला ना?" हकीम म्हणाले. "कसा घडवला ते नीट बघितलं तर त्याला राग का यावा? तुम्ही दुवा करा, मी दिवा धरतो. दोन्ही त्याच्याच दारातलं आहे."

त्यांनी मला अरबी पुस्तकातलं डोळ्याचं चित्र दाखवलं. कांद्यासारखे पापुद्रे, एकात एक. अक्षर येत नसल्यामुळे माझं काही अडलं नाही. अरबी अक्षराला तरी मी नि जावई सारखेच अडाणी.

आतून खजूर आला. दुसऱ्याच्या घरचं खावं की नाही असा प्रश्न होता, पण सुक्या फळाला विटाळ नसतो असं मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. गोड होता.

मग तपासणी. हकिमांनी घरधन्यांना अंधाऱ्या खोलीत बसवलं, दिवा जवळ आणला आणि मला म्हणाले, "बाय, तूही बघ. डोळ्यातली काळी बाहुली उजेडात लहान होते, अंधारात मोठी. मोतीबिंदू म्हणजे दारावरचा पडदा. पडद्याआड माणूस जागा असेल तर बाहुली हलते, मग मी पडदा सारतो. आत कोणी जागंच नसेल तर सारून काय करू?"

त्यांनी दिवा जवळ नेला, लांब केला. एक डोळा तळव्याने झाकला, उघडला. मी वाकून बघत होते. बाहुली हलली नाही. ती मोठी, हिरवट, पाणी साचलेल्या विहिरीसारखी तशीच राहिली.

हकीम उठले. मुलाला हाक मारून बाहेर गेले. यूसुफने मधोमध भोक पाडलेला वाटोळा आरसा आणला. मुंबईला इतकं शिकून पोराने शेवटी भोकाचा आरसा आणला, असं माझ्या मनात आलं, आणि एरवी मी ते बोलूनही दाखवलं असतं. त्याने आरशातून दिव्याचा उजेड डोळ्यात पाडला, भोकातून बराच वेळ बघितलं.

ओटीवर बापाने विचारलं, "बोल."

त्या क्षणाला माझा सगळा जीव त्या दोघांच्या भांडणात अडकला होता. सकाळपासून एकाही गोष्टीवर ते एक झाले नव्हते. मनात म्हणत होते, भांडा रे, आताच भांडा. तू चुकलास म्हणा, तुमचं जुनं झालं म्हणा.

"मागची नसच सुकली आहे, अब्बा," पोरगा हळू म्हणाला.

"हो," बाप म्हणाला. "मलाही तेच दिसलं."

हाजींची माळ थांबली होती.

घरधनी म्हणाले, "सुई घाला तरी साहेब. लागलं तर लागू दे."

"बाबा, ज्या डोळ्यात उजेड पोचत नाही त्यात मी सुई घातली, तर तो इलाज नाही, ढोंग होईल. उद्या तिथे वर मला विचारतील, ठाऊक असून का टोचलंस? मी काय सांगू?" मग त्यांनी घरधन्यांचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मोबदला म्हणून घरून नेलेलं मीठ मी पुढे केलं, त्यातलं चिमूटभर घेतलं, बाकीचं परत केलं.

परतीची ओहोटी चुकली होती, म्हणून येताना आगगाडी धरली. तिकिटाच्या खिडकीवर घासाघीस चालत नाही, मी करून बघितली. मुंब्र्याशी गाडी बोगद्यात शिरली आणि डबा काळाकुट्ट झाला. बायका ओरडल्या, पोरं रडली.

"काय झालं गं?" घरधन्यांनी विचारलं.

"बोगदा आला."

"असं होय. मला वाटलं काही झालं." थोड्या वेळाने म्हणाले, "क्षणभर का होईना, सगळे माझ्या पंगतीला बसले."

मी त्यांच्या दंडाला चिमटा काढला. बोगदा संपल्यावरही तोंड खिडकीकडेच ठेवलं. त्यांना माझं तोंड दिसणार नव्हतं, पण लपवायची सवय.

कल्याणला जायचं तर जा. लवकर जा, पावसाची वाट बघू नका. तिथे गोड बोलून फसवणारा कोणी भेटणार नाही, एवढं सांगते.

आता भर दुपारी मी त्यांना मिठागराच्या बांधावर नेऊन बसवते. डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात थोडीशी जागा उरली आहे, तिथे दिव्याचा उजेड पोचत नाही, पण मिठाची ती लखलख तेवढी पोचते. जिला जन्मभर शिव्या घातल्या, तीच. तोंड वर करून बसतात. "आहे," म्हणतात. "अजून आहे."

काल पश्चिमेला ढग दिसला. पाऊस आला की मीठ उचलतात, वाफे पाण्याखाली जातात, लखलख संपते. मी ढगाबद्दल काही बोलले नाही. त्यांनीच विचारलं, "वारा फिरलाय का गं?"

म्हटलं, "नाही. बसा अजून."