पालथे पडून पाहिलेला कोकणकडा

शनिवार, ता. १६ जानेवारी १९७१, सकाळी सहा वाजून दहा मिनिटे. अकोले तालुक्यातील पाचनई गाव सोडून आम्ही हरिश्चंद्रगडाच्या वाटेला लागलो. थंडी कडाक्याची होती. बोटे धोतराच्या सोग्यात गुंडाळून चालावे लागत होते.

आम्ही एकूण आठ जण होतो. बेलापूरच्या आमच्या वाचनालयाने ज्वालामुखीतून घडलेला प्रदेश पाहण्यासाठी ही सहल काढली होती. माहिती सांगायला कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवणारे प्राध्यापक गोडबोले होते. वाट दाखवायला पाचनईचा लहानू होता. पन्नाशीचा, पिकल्या मिशांचा, बोलण्यात अघळपघळ. वाचनालयाचे चार सभासद होते. शिवाय मी, कालवा-निरीक्षक म्हणून निवृत्त झालेला, आणि माझी पत्नी.

तिने येऊ नये, असे माझे मत होते. तिची साठी उलटली आहे आणि गुडघे दुखतात. पण कोकणकड्याच्या पायथ्याशी, मुरबाडच्या बाजूला, तिचे माहेर. आईवडील गेले, भाऊ मुंबईला स्थायिक झाला, घर विकले गेले. तिकडे जाण्याचे कारणच उरले नव्हते. गावापुढचे देवळाचे तळे कड्यावरून दिसते, असे ती लहानपणी ऐकत आली होती. तेवढे पाहायचे म्हणाली. गोडबोल्यांनी तिची बाजू घेतली आणि मी गप्प बसलो.

पहिला तासभर वाट कारवीच्या रानातून चढते. मग उजव्या हाताला काळ्या पाषाणाची उंच भिंत येते आणि डाव्या हाताला दरी. मधून पाऊलवाट. येथे गोडबोल्यांनी सर्वांना थांबवले. भिंतीवर आडवे थर स्पष्ट दिसत होते. दोन काळ्या थरांच्या मध्ये एक विटकरी पट्टा होता.

"हा प्रत्येक थर म्हणजे शिलारसाचा एकेक लोट," ते म्हणाले. "कोट्यवधी वर्षांपूर्वीचा. इथे शंकूसारखा डोंगर पेटला नव्हता. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून रस वाहत राहिला. मध्येच थांबला, वर माती झाली. पुढच्या लोटाखाली ती भाजली, म्हणून हा लाल पट्टा."

"कालवा फुटून शेते भरावीत तसे," मी म्हणालो.

"अगदी तसे, अण्णा. फक्त बंद करायला कोणी नव्हते."

लहानूने विडी शिलगावली. "मास्तर, डोंगुर शिजल्याला हाय म्हंता. मंग चूल कुटं हाय त्येची?"

"आपल्या पायांखाली."

"आन् इझली का अजून हाय?"

"विझली."

"मंग बरं. वैनी, चला बिनघोर." तो माझ्या पत्नीकडे पाहून हसला. मला अण्णा आणि तिला वैनी, हे नाते त्याने आदल्या संध्याकाळीच जोडून टाकले होते.

नऊच्या सुमारास देवळापाशी पोहोचलो. हरिश्चंद्रेश्वराचे देऊळ त्याच पाषाणात घडवलेले आहे. शेजारी टाकी (खडकात खोदलेले पाण्याचे हौद) आहेत. पाणी दात ठणकावणारे. खाली केदारेश्वराची गुहा आहे. तेथे बर्फासारख्या पाण्यात मोठी पिंडी उभी आहे. पत्नीने बाहेरूनच हात जोडले. आम्ही नागलीची (नाचणीची) भाकरी, लसणाची चटणी आणि संक्रांतीच्या उरलेल्या गुळपोळ्या खाल्ल्या आणि पश्चिमेला निघालो.

कोकणकडा आधी दिसत नाही. माळ चालत जावे, आणि माळ संपतो. पुढे काहीच नाही. जवळ गेल्यावर कळते की डोंगर आतल्या बाजूला वाटीसारखा कोरला गेला आहे. काठ पुढे आलेला, पोट आत गेलेले. खाली कोकण, धुरकट निळे. खालून वारा सरळ वर येतो. एका सभासदाने गवताची काडी टाकली, ती आमच्या डोक्यांवरून मागे गेली.

लहानूचा आवाज येथे बदलला. "उभ्यानं कुनी फुडं जायाचं न्हाई. कडा माणसाला वढतो. हितं पालथं पडायचं, म्या पाय धरणार, मंग मुंडी भायेर काढायची. एकेकानं."

त्याने एक सपाट कातळ निवडला होता. काठाशी तो किंचित उचललेला होता, त्यामुळे पुढे सरकण्याची भीती नव्हती. गोडबोले प्रथम गेले. लहानू त्यांचे दोन्ही घोटे धरून मागे बसला.

"मास्तर, पाय हालवू नका. मला वाटतंय मासा गावलाय."

गोडबोले खालच्या थरांविषयी ओरडून काही सांगत होते. वाऱ्यात ऐकू आले नाही. मग चौघे सभासद गेले. मग मी गेलो. मान काठाबाहेर काढली. पायथ्याची झाडे मोहरीएवढी. तळे मला दिसले नाही. त्याहून अधिक मी लिहीत नाही.

नंतर पत्नीची पाळी. लहानू पुढे सरकताच तिने पाय लुगड्यात ओढून घेतले.

"नको. परक्या पुरुषाने पाय धरायचे नाहीत."

"वैनी, म्या दीर लागतो की तुमचा."

"दीर असलात तरी नको, भाऊ. राग मानू नका."

"राग कशाचा? मंग अण्णांनी धरावं."

 आमच्या घरात नवरा बायकोच्या पायांना हात लावत नाही. इतक्या वर्षांच्या संसारात अंधारात चुकून तिचा पाय मला लागला, तरी ती लगेच मला स्पर्श करून तो हात कपाळाला लावते. सहा जणांसमोर मी तिचे पाय धरायचे, ही गोष्ट तिच्या कल्पनेत बसणारी नव्हती. माझ्याही नव्हती.

"त्यापेक्षा मी बघतच नाही," ती म्हणाली आणि बाजूला जाऊन बसली.

मी तो विषय संपला असे धरले.

लहानूने मागे खळग्यात वारा अडवून काटक्या पेटवल्या आणि चहाचे पातेले ठेवले. मंडळी तिकडे गेली. गोडबोल्यांनी खडकाच्या पोकळीत सापडलेले पांढरे स्फटिक मला दाखवायला घेतले. ते पाहून मी मान वळवली, तेव्हा पत्नी बसल्या जागी नव्हती.

ती डावीकडे दुसऱ्याच कातळावर पालथी पडली होती. कंबरेपासून पुढचा भाग मला दिसत नव्हता.

मी उठलो. लहानूने माझे मनगट धरले. "धावू नका. हाळी बी देऊ नका. त्यो दगुड भायेरच्या अंगाला उतरता हाय. वर बारीक मुरूम हाय." त्याची विडी विझली होती आणि त्याला ते कळले नव्हते.

तेवढ्यात तिने हाक मारली. "अहो." मोठ्याने नाही. स्वयंपाकघरातून मारावी तशी.

"आलो. हलू नकोस."

"मागे येता येत नाही. हाताला धरायला काही नाही."

मी पालथा पडलो आणि कोपरांवर सरकू लागलो. लहानू मागून सरकत आला आणि त्याने माझे घोटे धरले. त्याच्या मागे चौघांची साखळी झाली. वाऱ्याने तिचा पदर उलटून पाठीवर आला होता. तिच्या पोटाखालून मुरमाचे खडे निसटत होते. ते पडल्याचा आवाज येत नव्हता.

तिच्या तळव्यांपर्यंत माझा हात पोहोचला. बोटे लागली मात्र, आणि तिने गुडघ्यात पाय दुमडून वर घेतले.

"पायाला हात लावू नका."

पाय वर जाताच वजन पुढे गेले. ती चार बोटे पुढे सरकली. मला ते स्पष्ट दिसले.

"पाय खाली कर."

"नका हो. मला पाप लागेल."

"लागू दे. पाय खाली कर."

तिने किंचित खाली केले. मी हात घातला. पुन्हा तिने ते झटक्याने वर घेतले. हे ती मुद्दाम करत नव्हती; शरीरच ऐकत नव्हते. पुन्हा खडे निसटले. मागून लहानू दबक्या आवाजात म्हणाला, "अण्णा, आता लई जागा न्हाई. काय करायचं ते कराच."

आयुष्यभर मी हुकूम दिले आणि ते पाळले गेले. येथे हुकूम चालत नव्हता. मी हात मागे घेतला.

"तळे दिसले का?" मी विचारले.

तिचे पाय हवेत स्थिर झाले.

"दिसले," ती म्हणाली. "चकाकते आहे."

"देऊळ?"

"देऊळ नाही दिसत. झाडी आहे. चिंचा असतील. आम्ही त्यांच्याखाली..."

"कोणत्या बाजूला चिंचा?"

"उत्तरेला. घाटाच्या पायऱ्या होत्या ना, त्यांच्या वर. माझी आई तिथे..."

बोलता बोलता तिचे पाय सैल झाले आणि हळूहळू कातळावर टेकले. मी एका पायाची बोटे मुठीत धरली. जोडवे तळहातात रुतले. ती ओरडली. मी दुसऱ्या हाताने घोटा पकडला, मग बोटे सोडून दुसराही घोटा पकडला. लहानूने "वढा!" म्हणून आरोळी ठोकली आणि आम्ही दोघे एकाच वेळी, कातळावरून पालथेच, मागे फरपटत आलो.

ती उठून बसली. कोपरे सोलली होती, बांगड्या फुटल्या होत्या, कपाळावर मुरूम चिकटला होता. पदर सावरण्याआधी तिने माझ्या पायांवर डोके ठेवायला हात पुढे केले.

"आधी कड्यापासून लांब हो," मी म्हणालो.

गोडबोले एका दगडावर बसून होते.  लहानूने चहा गाळला.  "वैनी, धा सालं लोकांस्नी कडा दावतोय," तो म्हणाला, "पन एवडा कुनीच बगितला न्हाई." कोणी हसले नाही. मग ती हसली.

उतरताना ती माझ्याशी एक शब्दही बोलली नाही. भिंतीखालच्या अरुंद वाटेवर ती लंगडू लागली. लहानू पुढे, मी तिच्या मागे. दरीच्या बाजूला मी राहिलो. ऊन कलताना पाचनईत पोहोचलो आणि लहानूच्याच घरी पडवीत टेकलो.

लहानूच्या बायकोने, ठकूबाईने, पत्नीचे घोटे पाहिले. दोन्हींवर माझी बोटे काळीनिळी उमटली होती. "बाई गं! अण्णांनी म्हशीला दावं लावावं तसं धरलं जनू." तिने आंबेहळद उगाळून गरम केली, वाटी आमच्याजवळ ठेवली आणि ती भाकऱ्या थापायला आत गेली.

"आता तरी नमस्कार करू द्या," पत्नी म्हणाली.

मी भिंतीला टेकून नीट बसलो. तिने पायांवर डोके ठेवले आणि बराच वेळ उचलले नाही. मी तिला घाई केली नाही.

वाचकांपैकी कोणी गेलेच, तर त्यांनी कोकणकडा जरूर पाहावा. आपले माणूस बरोबर असेल, तर त्याचे पाय कोण धरणार, हे घरूनच ठरवून निघावे. तेथे ठरवायला वेळ मिळत नाही.

त्या नमस्काराने तिचे गुडघे धरले; आता तिला स्वतःच्या घोट्यांपर्यंत वाकता येत नव्हते. मी वाटी उचलली. तिने पाय घोंगडीखाली घेतले.

"पाय बाहेर काढ," मी म्हणालो.

आत भाकरी थापल्याचा आवाज येत होता. काही वेळाने तिने एक पाय बाहेर काढला, मग दुसरा. ती छपराकडे पाहत राहिली. मी दोन्ही घोट्यांना लेप लावला, माझ्या जुन्या धोतराची पट्टी फाडून बांधली, आणि हळद वाळण्यापूर्वी वाटी राखेने घासून चुलीपाशी नेऊन ठेवली.