दालमिल विकल्यानंतरचा उन्हाळा

दालमिल विकली, त्याच्या दुसऱ्या दिवशीही मी सकाळी पदर खोचून निघाले. अनसिंगमधल्या आमच्या घरापासून मिल हाकेच्या अंतरावर. फाटकाशी पोचले आणि आठवलं, किल्ल्या आता वाशिमच्या एका तरुण माणसाच्या खिशात आहेत. कुणी पाहिलं तर नाही ना, म्हणून इकडंतिकडं बघितलं आणि उगाचच दुधाच्या डेअरीकडे वळले.

विकायचं मीच ठरवलं होतं. भुशाच्या धुळीनं छाती भरून यायची. डॉक्टरांनी धुळीत पाऊल टाकू नका म्हणून बजावलं होतं. मुलगी वाशिमला शाळेत शिकवते, तिला यात गोडी नव्हती. नवऱ्याला त्याचं शेत बरं. मिल मी उभी केली होती, पत्र्याच्या शेडमध्ये एका लहानशा यंत्रावर. तुरीला तेलपाणी लावून उन्हात पसरायचे, निसटलेला पट्टा चढवायचे, गिऱ्हाइकांशी भांडायचे, सगळं मीच. गावात माझं नाव फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. मी दालमिलवाली बाई.

आता हातांना काम नव्हतं. कपाटं रिकामी केली, पुन्हा लावली. सकाळी मिल सुरू झाल्याचा आवाज यायचा आणि मी उठून दारात उभी राहायचे.

"अवं, बस ना जराशी," नवरा म्हणायचा. "काहून फिरून राह्यली सारखी?"

"बसवत नाही मले."

"मंग इकली कायले?"

तो रागानं विचारत नव्हता. छातीचं कारण त्यालाही माहीत होतं.

एका सकाळी तांड्यावरची एक बाई तुरीचं पोतं ऑटोत घालून थेट आमच्या दारी आली. ऊसतोडीहून परतली की घरची तूर ती दरवर्षी माझ्याकडेच भरडून घ्यायची. मिल विकल्याचं सांगितलं तर पायरीवर बसूनच राहिली. "मले तिथं कोण वयखते? तू चाल संगं."

मी गेले. नव्या मालकानं मला बघताच खुर्ची पुसून पुढे केली. "काकू, बसा. चहा सांगतो." गिऱ्हाइकांची ती प्लास्टिकची खुर्ची मीच आणलेली, पण तिच्यात मी कधी बसले नव्हते. यंत्रातून डाळ पडायला लागली तशी मी नकळत उठले आणि पोत्याचं तोंड धरलं. त्यानं अगदी हळूच ते माझ्या हातून घेतलं.

"काकू, राहू द्या. आमी करतो ना आता."

त्याचं काहीच चुकलं नव्हतं. माझेच कान तापले. बाहेर आलो तेव्हा तांड्यावरची बाई म्हणाली, "पोरगी सासरी धाडल्यावानी झालं ना तुले?"

"पोरगी सणाले माहेरी तरी येते," मी म्हणाले, आणि तिथंच रस्त्यात मला रडू आलं. तिनं पोतं खाली ठेवलं आणि माझं आवरेपर्यंत शेजारी उभी राहिली.

पुढच्याच आठवड्यात तो मालक घरी आला. गावातल्या बाया तुम्हालाच विचारतात म्हणाला. "रविवारच्या रविवार येऊन बसत जा, काकू. धुळीत नको, बाहेरच्या खोलीत." मी लगेच हो म्हटलं. नवरा माझ्याकडे बघतच राहिला. पण शनिवारी संध्याकाळी मीच फोन करून नको म्हणून सांगितलं. त्या खुर्चीत बसून दुसऱ्याच्या हातातलं पोतं बघणं मला जमणार नव्हतं. हे त्याला सांगितलं नाही. तब्येतीचं निमित्त केलं.

रविवारी आवाज सुरू व्हायच्या आत मी घरातून निघाले. एसटी स्टँडपर्यंत चालत गेले. गाडीची वेळ नव्हती, फलाटावर कुणी नव्हतं. बाकावर टेकले, उठले, पुन्हा टेकले. घरी यायला ऊन चढलं. नवऱ्यानं माठातलं पाणी दिलं आणि म्हणाला, "उद्या वावरात येतं काय? हळद वाळू घातली हाय, तिले हात द्यायले माणूस पाहिजे."

"येते," मी म्हणाले. आणि उद्याची वाट न बघता, लगेच चपला शोधायला लागले.